लाट नको, लाट हवी

लेकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "आई, तू ये." बाबांना कुणी बोलावलं नव्हतं, पण तिकिटं दोन निघाली. २०२२ च्या ऑक्टोबरात आम्ही मिनेसोटाला पोचलो. सौ.ने स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि चार दिवसांत माझी लुडबुड असह्य होऊन मला गॅरेजकडे पिटाळलं. तिथे जावईबापू एका जुन्या बोटीशी झटापट करत होते. "बाबा, जरा बॅटरी धरता का?" एवढंच त्यांनी विचारलं. ती बॅटरी मी एप्रिलपर्यंत धरून होतो!

मिनेसोटात मोटारींच्या नंबरप्लेटवर '१०,००० तळी' असं लिहिलेलं असतं. खरं तर दहा एकरांहून मोठी तळी तिथे अकरा हजारांच्या वर आहेत. त्यामुळे दारात बोट असण्याचं कुणाला फारसं कौतुक नाही. पण हिवाळ्यात ही तळी गोठतात आणि बोटी घरी येतात. कोकणात पावसाळ्यात हेच चालतं. होड्या वर ओढायच्या, शाकारायच्या, डागडुजी करायची आणि नारळी पौर्णिमेची वाट बघायची. तिथे पाऊस, इथे बर्फ.

ही बोट १९८९ सालची. फायबरग्लासची, लांबी १९ फूट, मधोमध एका पेटीखाली आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. (त्या पेटीला तिथले लोक 'डॉगहाऊस' म्हणतात. मी दोन दिवस कुत्रा शोधत होतो.) जावईबापूंच्या आधी तिला दोन मालक होऊन गेलेले. माझी तेरा वर्षांची नात याच बोटीमागे वेकबोर्ड शिकली. वेकबोर्ड म्हणजे दोन्ही पाय बांधलेली एकच फळी. फळीवर आडवं उभं राहायचं, बोटीला बांधलेला दोर धरायचा आणि बोटीमागे जी लाट उठते तिच्यावरून उडी मारायची. त्या लाटेलाच वेक म्हणतात. लेकीचा गुडघा कसा गेला, हे आता सांगायला नको.

बोटीवर अॅल्युमिनियमच्या नळ्यांची एक उंच कमान होती. आत पाण्याने भरायच्या दोन दणकट प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. हे दोन्ही आधीच्या मालकाने बसवलेलं. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे मत देणं भागच होतं. म्हटलं, "जावईबापू, नीटच करताय तर कारखान्यातून निघाली होती तशी करा. ही कमान आणि या पिशव्या मागाहूनची भर आहे. काढून टाका." नात लगेच म्हणाली, "आजोबा, मग मी उडी कशी मारू?" जावईबापू काहीच बोलले नाहीत. जावयाने सासऱ्याला उत्तर देऊ नये, हा संस्कार मिनेसोटातही टिकून आहे.

पण नातीचा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून मी वाचायला बसलो. गंमत म्हणजे त्या खेळाची सुरुवात आमच्यापासून मोटारीने दीडेक तासावरच झाली होती. ऑक्टोबर संपायच्या आत आम्ही तिघं जाऊन ती जागा बघूनही आलो.

मिसिसिपी नदी एके ठिकाणी रुंद होऊन तिचं सरोवर होतं. त्याचं नाव लेक पेपिन. त्याच्या काठी लेक सिटी नावाचं छोटंसं गाव आहे. १९२२ च्या उन्हाळ्यात तिथल्या राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराच्या मनात आलं, की बर्फावर स्कीवरून घसरता येतं तर पाण्यावर का नाही? आधी त्याने पिंपाच्या फळ्या पायांना बांधून पाहिल्या, मग बर्फातल्या स्की. दोन्ही बुडाल्या. शेवटी पाइनच्या आठ फूट लांब फळ्या आणल्या, त्यांची टोकं घरच्या कपडे उकळायच्या भांड्यात उकळून वर वाकवली आणि दोर धरून भावाच्या बोटीमागे उभा राहिला. टोकं पाण्यावर ठेवून मागे रेलायचं, ही युक्ती त्याला २ जुलैला साधली. दुसऱ्या दिवशी त्याला एकोणीस पूर्ण झाली! मी गेलो ते बरोबर शंभरावं वर्ष होतं.

सॅम्युएलसनने पेटंट काही घेतलं नाही. १९२५ मध्ये न्यूयॉर्ककडच्या फ्रेड वॉलरने पाण्यावरच्या स्कीचं पेटंट घेतलं. (पुढे सिनेरामाचा मोठा पडदा काढला तोच हा वॉलर.) सॅम्युएलसनला जनकाचा मान मिळाला तो थेट १९६६ मध्ये. पण मला महत्त्वाची वाटली ती दुसरीच गोष्ट. १९२५ मध्ये त्याला उडी मारायची होती, तेव्हा त्याने पाण्यात एक फळी तिरकी ठेवून तिला चरबी चोपडली आणि तिच्यावरून उडी मारली. उडी मारण्यासाठी बोटीची लाट वापरावी, असा विचार तेव्हा कुणाच्याच डोक्यात नव्हता. लाट ही अडचणच होती.

पुढची सत्तर वर्षं ती अडचणच राहिली. स्की करणारा माणूस बोटीमागे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जातो. प्रत्येक वेळी त्याला लाट ओलांडावी लागते आणि रस्त्यावरच्या गतिरोधकासारखा दणका बसतो. म्हणून ओढणारी बोट अशी हवी, की ती सरळ रेषेत जाईल आणि मागे लाट जवळजवळ उठूच देणार नाही. फ्लोरिडातल्या करेक्ट क्राफ्ट कंपनीची फायबरग्लासची स्की नॉटिक बोट १९६१ मध्ये आली. तिचा आराखडा लिओ बेंट्झचा. १९६८ मध्ये टेनेसीत रॉब शर्ली यांनी घोड्यांच्या तबेल्यात मास्टरक्राफ्ट सुरू केली. त्यांना मागची लाट आणखी सपाट हवी होती. इंजिन मधोमध ठेवायचं, म्हणजे मागचा भाग जड होऊन पाण्यात रुतत नाही. मागचा तळ सपाट करायचा. वजन कमी ठेवायचं. आमची १९८९ ची बोट याच घराण्यातली, लाट मोडायलाच जन्मलेली.

आणि नेमकं तेव्हाच वारं फिरत होतं. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टोनी फिनने स्कर्फर नावाची फळी काढली, म्हणजे बोटीमागे ओढायचा लहानसा सर्फबोर्डच. १९९० च्या सुमारास सिअॅटलकडच्या हर्ब ओब्रायनने दाबून घडवलेली, पातळ आणि जेमतेम तरंगणारी हायपरलाइट फळी बाजारात आणली, आणि वेकबोर्ड हा वेगळा खेळ झाला. या नव्या पोरांना लाटेवरूनच उडायचं होतं. त्यांना लाट हवी होती, तीही मोठी! ते बोटीत वाळूच्या पिशव्या टाकत, नाहीतर जाडजूड मित्रांना मागे बसवत. मग दोर उंचावर बांधायला कमान आली. दोर वरून ओढला की उडालेला माणूस हवेत जास्त वेळ राहतो. १९९७ मध्ये स्की नॉटिकच्याच कारखान्याने कमान बसवलेली, खास वेकबोर्डची बोट काढली. पुढे इंजिनही मागे सरकलं आणि पाण्याच्या टाक्या आतच आल्या. लाट घालवण्यात ज्यांची सत्तर वर्षं गेली, त्यांनीच दहा वर्षांत ती वाढवायची विद्या शिकून घेतली.

एवढं वाचल्यावर गॅरेजमधली बोट मला वेगळीच दिसू लागली. सांगाडा एका काळाचा, डोकं दुसऱ्या काळाचं. आणि दोन्ही काळांमध्ये स्क्रूची भोकं.

ही भोकं पुढे महाग पडली. तळात दोन लांब तुळया असतात, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. इंजिन त्यांच्यावर बसतं आणि बोटीचा ताठपणाही त्यांच्यामुळेच. त्या काळच्या अनेक बोटींप्रमाणे इथेही त्या लाकडाच्या होत्या आणि वरून फायबरग्लासने मढवलेल्या. जावईबापूंनी हातोडीने ठोकत आवाज ऐकायला सांगितलं. चांगलं लाकूड टणटण वाजतं. आमचं भिजल्या उशीसारखं वाजलं. वरची साल कापली तर आत काळा चिखल, त्यात पेचकस मुठीपर्यंत गेला. जमिनीखालचा फोम पाणी पिऊन स्पंज झालेला. बाहेरून बघाल तर बोट अगदी लखलखीत!

पाणी आलं कुठून? माझा संशय अर्थातच कमानवाल्या मालकावर. त्याने पिशव्या अडकवायला जमिनीतून स्क्रू मारले होते आणि ते उघडेच ठेवले होते. पण जुन्या तुळईचे तुकडे बॅटरीखाली धरले, तेव्हा सगळ्यात जास्त कुजलेली जागा सापडली ती इंजिनाच्या बोल्टांभोवती. ती भोकं तर १९८९ मधलीच! कोऱ्या लाकडात थेट पाडलेली. म्हणजे कीड मागाहून आली नव्हती, ती बोटीबरोबरच जन्मली होती.

मग 'कारखान्यातून निघाली होती तशी' या माझ्या आग्रहाचं काय? ती भोकंही तशीच पाडायची का? मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आलो, की मूळ ते खरं आणि मागाहूनचं ते प्रक्षिप्त. पण मूळ म्हणजे निर्दोष, असं मी स्वतःच गृहीत धरून चाललो होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. सौ. म्हणाली, "बोट त्यांची, लाकूड त्यांचं, तुम्ही का जागताय?"

कामाची पद्धत मात्र शिकण्यासारखी होती. दोन्ही तुळया एकदम काढायच्या नाहीत, नाहीतर तळ वाकतो, आणि तळाचा आकार हेच तर अशा बोटीचं सर्वस्व. खालून नीट टेकू द्यायचे, एक काढून नवी बसवायची, मगच दुसरीला हात लावायचा. बाहेर पारा उणे वीसच्या खाली आणि गॅरेजमध्ये हीटर, कारण थंडीत इपॉक्सी धरत नाही. नवं लाकूड सगळ्या बाजूंनी इपॉक्सीने मढवलं. बोल्टसाठी आधी मोठं भोक पाडलं, ते घट्ट इपॉक्सीने भरलं आणि मग त्याच्या पोटात बोल्टचं भोक. आता बोल्टच्या कडेने पाणी आलंच, तर ते लाकडापर्यंत पोचत नाही. युक्ती एवढीशी, पण १९८९ च्या चुकीला ते उत्तर होतं. फायबरग्लास घासताना अंगाला जी खाज सुटते तिचं वर्णन करत नाही. तोंडावर मास्क होता म्हणून निभावलं.

इंजिनातलं पाणी ऑक्टोबरातच काढून टाकलं होतं. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं आणि लोखंडी ब्लॉकलाही तडा घालवतं. गंजाने भोक बुजतं, म्हणून नुसता बूच काढून भागत नाही, आत तार फिरवावी लागते. कुणीतरी मोटारीचा अल्टरनेटर बसवला होता, तो बदलला. दिसायला सारखाच, पण बोटीच्या अल्टरनेटरची ठिणगी बाहेर पडत नाही. पेट्रोलची वाफ हवेहून जड, ती तळात साठते. इथे काटकसर केली तर बोट राहत नाही आणि माणसंही राहत नाहीत.

राहिला प्रश्न कमान आणि पिशव्यांचा. या वेळी मत द्यायच्या आधी मी जावईबापूंना विचारलं. ते म्हणाले, "बाबा, कमान ठेवू. पण खालून नीट प्लेटा देऊन, भोकं बंद करून." पिशव्यांबद्दल ते स्वतःच साशंक होते. ३४० लिटरची एक पिशवी म्हणजे ३४० किलो, अशा दोन. हलकी राहण्यासाठी घडवलेल्या बोटीत हे ओझं म्हणजे जिन्सी बैलगाडीचं काम टांग्याच्या घोड्याला सांगणं. शिवाय तळ्याच्या काठांचाही विचार होता. २०२२ मध्येच मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने नव्या, मोठ्या लाटेच्या बोटींची मोजमापं प्रसिद्ध केली. त्यांच्या लाटा साध्या बोटींच्या लाटांइतक्या शांत व्हायला पाचशे फुटांहून जास्त अंतर लागतं, असं निघालं. आमची बोट तेवढी दांडगी नाही, पण त्या दिशेला जायचंच कशाला? आणि पिशवीत उरलेल्या पाण्यातून झेब्रा शिंपल्यांची पिल्लं एका तळ्यातून दुसऱ्यात जातात, ते वेगळंच.

नात रुसली. मी म्हटलं, "मैत्रिणींना मागे बसव. सुरुवातीच्या पोरांनी तेच केलं होतं." जावईबापूंनी किती जणी बसवायच्या त्याचा आकडा पाटीवर बघून सांगितला, आणि तह झाला. इतिहासाच्या मास्तरचा कधीतरी असाही उपयोग होतो.

तर बोट धड १९८९ ची राहिली नाही आणि धड आजचीही झाली नाही. फेकलेल्या कुजक्या तुळईचा एक वीतभर तुकडा मी वाळवून पिशवीत घालून आणला. सौ.ला अजून माहीत नाही. आता हे वाचून कळेलच.

एप्रिलमध्ये आम्ही परतलो, तेव्हा बोट गॅरेजमध्येच होती. मेमध्ये एका रविवारी रात्री लेकीचा व्हिडिओ कॉल आला. नात पाण्यात होती, उडाली आणि पडली, पुन्हा उडाली आणि पुन्हा पडली. लेक काठी न घेता बोटीत उभी होती. मी म्हटलं, "ते सगळं छान आहे, पण आधी खालचं झाकण उघडून दाखव."

तिने फोन आत धरला. बोट दोन तास पाण्यात होती. नव्या तुळयांच्या कडेला शेवटची बॅटरी मी धरली होती, त्या कोपऱ्यात तिने बोट फिरवून दाखवलं.

कोरडं होतं.