पुत्तूरचा कोको आणि बंगळुरूची शुगर

बंगळुरूच्या मोठ्या दुकानांत चॉकलेटच्या फळीवर आता आकडे वाचावे लागतात. 55 टक्के, 70 टक्के, 85 टक्के. आकडा जितका मोठा तितकी वडी कडू, महाग आणि तब्येतीला चांगली, असा एक समज सुशिक्षित मध्यमवर्गात रुजला आहे. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे डार्क चॉकलेट शुगरवाल्यांना नुसते चालतेच असे नाही, तर त्याने इन्सुलिनचे काम सुधारते, हा दावा. तो अगदीच हवेतला नाही. 2005 साली इटलीतल्या लाक्विला विद्यापीठात दाविदे ग्रासी आणि सहकाऱ्यांनी 15 निरोगी माणसांना पंधरा दिवस रोज 100 ग्रॅम डार्क चॉकलेट दिले आणि नंतर तितकेच दिवस 90 ग्रॅम पांढरे चॉकलेट दिले. काहींना हाच क्रम उलटा होता. डार्क चॉकलेटच्या काळात त्यांचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद स्पष्टपणे सुधारला आणि रक्तदाबही थोडा उतरला. श्रेय गेले कोकोच्या बीमधल्या फ्लॅव्हनॉल या कडवट, तुरट द्रव्यांना. प्रयोग खरा आहे. माझे म्हणणे वेगळ्याच गोष्टीबद्दल आहे: प्रयोगात ज्या द्रव्याला श्रेय मिळाले, ते काढून टाकण्यातच चॉकलेटच्या धंद्याची दोनशे वर्षे गेली, आणि कर्नाटकातला कोको जन्मला तोच त्या धंद्याच्या सोयीसाठी. वेष्टनावरच्या टक्क्यांवरून औषधाचा अंदाज बांधणारा माणूस हा इतिहास विसरतो.

कोको युरोपात शिरला तो बराचसा वैद्यांचे बोट धरून. अँतोनियो कोल्मेनेरो या स्पॅनिश वैद्याने 1631 साली त्याच्या गुणदोषांवर पुस्तिकाच लिहिली. पॅरिसच्या मेनिए घराण्याचा चॉकलेटचा कारभार 1816 मध्ये औषधी चूर्णांपासून सुरू झाला. कडू गोळ्यांवर चढवायचे आवरण म्हणून तिथे चॉकलेट वापरात आले. म्हणजे ज्याला आज आपण औषध मानू पाहतो, ते तेव्हाच औषधाची चव लपवण्याच्या कामी लागले होते. पुढचा क्रम सगळा एकाच दिशेने गेला. हॉलंडच्या व्हान हाउटेनांनी 1828 मध्ये कोकोतले लोणी दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि उरलेली पूड क्षार घालून सौम्य व गडद करण्याची रीत रूढ केली. 1847 मध्ये फ्राय कंपनीने खाण्याजोगी वडी पाडली, 1875 च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या दानिएल पेटरने तिच्यात दूध आणले, आणि 1879 मध्ये लिंटने तासन्‌तास घुसळून आंबूस वास घालवण्याचे यंत्र बसवले. यांतल्या क्षाराच्या पायरीची किंमत 2008 च्या एका अमेरिकी तपासणीत मोजली गेली: साध्या कोको पुडीत ग्रॅममागे सुमारे 35 मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल, तर क्षाराची जड प्रक्रिया झालेल्या पुडीत जेमतेम 4. गंमत अशी की क्षाराची पूड दिसायला अधिक काळी असते. डोळ्यांना जे ‘डार्क’, त्यात औषध सर्वांत कमी असू शकते.

भारतात कोकोचा धंदा आला तो या सगळ्या क्रमाच्या शेवटी. 1798 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने तमिळ मुलखातल्या कुट्रालमला रोपे लावून पाहिली होती, पण त्यातून धंदा उभा राहिला नाही. खरी लागवड सुरू झाली 1965 नंतर. त्या साली कॅडबरीने वायनाडमधल्या चुंडेल येथे प्रात्यक्षिकासाठी बाग लावली आणि केरळ व दक्षिण कन्नडच्या शेतकऱ्यांना आंतरपीक म्हणून रोपे मिळू लागली. कोकणातल्या वाचकाला ही बाग वेगळी सांगायला नको: वर पोफळीची सावली, खाली ओल, मधल्या मोकळ्या जागेत काय लावायचे हा जुना प्रश्न. कोको त्या सावलीत आनंदाने वाढतो. पण या शेतकऱ्याला कोको घरात लागत नव्हता, चाखलेलाही नव्हता; ग्राहक एकच आणि तोच भाव ठरवणारा. जगाच्या बाजारात 1980 च्या आसपास भाव कोसळले, खरेदीदाराने हात आखडला आणि शेंगा झाडावर सडू लागल्या. काहींनी झाडेच उपटली. सुपारीच्या भावासाठी 1973 मध्ये मंगळुरूत स्थापन झालेली कॅम्पको ही सहकारी संस्था तेव्हा पुढे आली. वारणाशी सुब्राय भट यांच्या नेतृत्वाखालच्या या संस्थेने कोको विकत घ्यायला सुरुवात केली, आणि नुसता माल साठवून भागणार नाही हे ओळखून दक्षिण कन्नडमधल्या पुत्तूरला स्वतःचा चॉकलेटचा कारखाना काढला. 1986 मध्ये राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुपारी पिकवणाऱ्यांच्या संस्थेने चॉकलेट बनवावे, ही सहकाराच्या इतिहासातली मोठी धिटाईची गोष्ट आहे. महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या कथा आपण इतक्या ऐकतो, मग पुत्तूरची कथा मराठीत फारशी का आली नाही, याचे मला नवल वाटते.

आता त्या कोकोचे काय होते ते पाहा. शेंग फोडली की पांढऱ्या, गोडूस गरात गुंतलेल्या बिया निघतात. त्या बऱ्याचदा ओल्याच विकल्या जातात, मग ढिगात किंवा पेट्यांत पाच-सहा दिवस आंबवल्या जातात आणि वाळवल्या जातात. आंबवले नाही तर चॉकलेटची चव येतच नाही. पण याच दिवसांत फ्लॅव्हनॉलचा मोठा वाटा नष्ट होतो, भाजताना आणखी थोडा जातो. मालाची प्रत ठरवायची पद्धत म्हणजे बी मधोमध कापून रंग बघणे: आत तपकिरी असेल तर उत्तम, पाटीसारखी करडी किंवा जांभळी असेल तर कच्ची, कमी आंबलेली. जांभळा रंग ज्या द्रव्यकुळाचा, त्याच कुळात फ्लॅव्हनॉलही मोडतात. म्हणजे शेतकऱ्याचा जो माल कमी प्रतीचा ठरतो, त्यातच आजचा आहारतज्ज्ञ शोधतो ते सर्वांत जास्त असते. यात कोणाची लबाडी नाही. बाजाराला दुधाचे चॉकलेट हवे होते, आणि भारतीय मानकांनुसार दुधाच्या चॉकलेटात चरबी वगळता कोको अडीच टक्के असला तरी चालतो. साध्या, बिनदुधाच्या चॉकलेटात तो बारा टक्के लागतो. या हिशेबात कडवटपणाला भाव मिळण्याचे कारणच नव्हते.

शिराडी घाट चढून हा माल ज्या शहराकडे जातो, त्या बंगळुरूची चॉकलेटची आवडही गोडच होती. 1982 मध्ये सुरू झालेल्या कॉर्नर हाउसने या शहराला जो पदार्थ दिला त्याचे नाव ‘डेथ बाय चॉकलेट’: आइस्क्रीम, केक, वर चॉकलेटची दाट धार. शुगरच्या चर्चेत हे नाव आठवले की हसू येते, पण एका पिढीची चॉकलेटची कल्पना त्यातच घडली. कडू वडी आली ती नंतर, सॉफ्टवेअरच्या पगारांबरोबर आणि परदेशवाऱ्यांबरोबर. 2012 मध्ये मैसुरूत दक्षिण भारतातल्याच बियांपासून वडी बनवणारे छोटे कारखानदार उभे राहिले आणि त्यांचा नैसर्गिक ग्राहक बंगळुरूत होता. त्याच काळात मधुमेहाची भीतीही वाढली, आणि ती खोटी नव्हती. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेही सुमारे 10 कोटी 10 लाख आहेत आणि त्याच्या उंबरठ्यावर असणारे 13 कोटी 60 लाख. पेशींनी इन्सुलिनला दाद न देणे हा आपल्याकडे फक्त लठ्ठ माणसांचा प्रश्न नाही, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आयुष्यभराच्या कामातून दाखवले आहे. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि ब्रिटनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले: दोघांचा बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. असे शरीर असलेल्या लोकांनी पंधरा निरोगी इटालियनांचा निष्कर्ष स्वतःला जसाच्या तसा लावून घ्यावा का, हा प्रश्न त्या छायाचित्रानंतर टाळता येत नाही.

पुरावा त्या एका प्रयोगावर थांबलेला नाही, हा पहिला आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. 2012 मध्ये 42 छोट्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हाही इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारल्याचेच दिसले. 2024 च्या डिसेंबरात ‘बीएमजे’मध्ये अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्यक्षेत्रातल्या इतरांची अनेक दशकांची पाहणी आली: आठवड्याला पाच किंवा अधिक वेळा डार्क चॉकलेट खाणाऱ्यांमध्ये टाइप 2 मधुमेहाचा धोका 21 टक्के कमी, दुधाच्या चॉकलेटने मात्र फायदा नाही आणि वजन वाढते. पण ही पाहणी आहे, चाचणी नव्हे. कडू चॉकलेट निवडणारा माणूस इतरही बरेच काही निवडत असतो. संशोधक आकडेमोडीत त्याची भरपाई करतात, तरी ती पूर्ण होत नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडणारी मोठी चाचणी म्हणजे ‘कॉसमॉस’. तिच्यात 21 हजारांहून अधिक ज्येष्ठांपैकी निम्म्यांना रोज 500 मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल गोळ्यांतून दिले गेले. ज्यांना आधी मधुमेह नव्हता त्यांच्यात साडेतीन वर्षांनंतर नव्या मधुमेहींचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच निघाले. इतके द्रव्य रोज पोटात जाऊनही फरक पडला नसेल, तर बाजारातल्या वडीच्या दोन चौकोनांकडून अपेक्षा किती ठेवायची?

यावर कोणी म्हणेल की गोळी म्हणजे चॉकलेट नव्हे, आणि साठी उलटलेली अमेरिकी माणसे म्हणजे चाळिशीतला भारतीय नव्हे. हे मला मान्य आहे. कोको लोण्यासकट, इतर अनेक द्रव्यांसकट खाल्ल्यावर परिणाम वेगळा होणे अशक्य नाही, आणि साडेतीन वर्षे मधुमेहाच्या मानाने थोडी आहेत. रक्तवाहिन्या सैल पडण्याबाबतचा पुरावा तर बऱ्यापैकी भक्कम आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2012 मध्ये रोज 200 मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉलला तसा दावा मान्यही केला. पण मान्यता रक्तप्रवाहाच्या दाव्याला आहे, रक्तातल्या साखरेच्या नाही, आणि तीही मिलिग्रॅमात मोजलेल्या फ्लॅव्हनॉलसाठी आहे. टक्केवारी मोजते ती कोकोचा एकूण भाग, लोण्यासकट. तिच्यात आंबवणे किती, भाजणे किती, क्षार घातला की नाही, यातले काहीच येत नाही. दोन सत्तर टक्क्यांच्या वड्यांत फ्लॅव्हनॉल अनेकपट वेगळे असू शकते, साखर मात्र दोन्हींत शंभर ग्रॅमला तीसच्या आसपास. ग्रासींच्या प्रयोगात इतर आहारातून उष्मांक तेवढे कमी केले होते; आपल्याकडे वडी जेवणावर खाल्ली जाते.

राहिला प्रश्न मैसुरूसारख्या ठिकाणच्या छोट्या कारखानदारांचा, जे क्षार वापरत नाहीत आणि भाजणेही हलके ठेवतात. त्यांच्या वडीत फ्लॅव्हनॉल जास्त टिकत असण्याचा संभव खराच आहे. पण ते चवीच्या मागे आहेत, आणि चांगली चव म्हणजे आणखी काळजीपूर्वक आंबवणे. दिवाळीच्या डब्यात मैसूरपाकाच्या जागी अशी वडी आली तर साखर आणि तूप पोटात कमी जाईल, हा फायदा निश्चित. तो मिळतो तो मात्र मैसूरपाक न खाल्ल्यामुळे. भाजलेल्या चण्यांनीही तोच मिळाला असता, आणि बराच स्वस्त. फ्लॅव्हनॉलचे मिलिग्रॅम वेष्टनावर छापायला कायद्याने आडकाठी नाही, प्रयोगशाळेत ते मोजताही येते. पण ओल्या बियांच्या खरेदीपासून बंगळुरूच्या फळीपर्यंत कोणत्याही टप्प्यावर त्या आकड्यासाठी कोणाला जादा पैसे मिळत नाहीत. भाव आजही बी कापून आतला तपकिरी रंग पाहूनच ठरतो.