आधी ऐकणारा भेटावा लागतो

तृतीयपंथी लेखिका ए. रेवती यांनी स्वतःची कहाणी सांगण्याआधी इतरांच्या ऐकल्या. बेंगळुरूच्या ‘संगमा’ संस्थेत काम करताना त्या तमिळनाडूतल्या तृतीयपंथीयांमध्ये फिरल्या, त्यांचे अनुभव टिपून घेतले, आणि 2004 साली त्यांचं तमिळ पुस्तक झालं. घरची मारहाण, पळून जाणं, बेंगळुरूतला धंदा, पोलिसांचा छळ हे त्यांचं स्वतःचं आयुष्य 2010 मध्ये इंग्रजीत छापून आलं. दु. सरस्वती यांनी ते कन्नडमध्ये नेलं आणि पुढे त्याचं नाटकही झालं.

आधी ऐकणारा, मग सांगणं. हा क्रम आपल्याकडेही जुना आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि बंडात सापडले. झाशीचा वेढा, शहरातली कत्तल आणि लूट त्यांनी आतून पाहिली. हाती आलेला पैसा वाटेत लुटला गेला. घरी पोचली ती गंगेची कावड. एवढं पाहिलेला माणूस कितीतरी वर्षं गावात भिक्षुकीच करत राहिला. इतिहासकार चिंतामणराव वैद्यांनी आग्रह धरला तेव्हा कुठे त्यांनी लिहिलं, आणि तेही सरकारच्या धाकाने हयातीत छापू दिलं नाही. ‘माझा प्रवास’ 1907 साली निघालं.

दलित लेखकांना असा आग्रह करणारं कोण होतं? 1978 च्या ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार आपली कथा दया पवारांना सांगतो. सांगणारा तोच, ऐकणाराही तोच. मराठी आत्मकथनातली याहून धीट मांडणी मला माहीत नाही.

कन्नडमध्येही असं लेखन झालं. बेंगळुरूच्या श्रीरामपुरात वाढलेले दलित कवी सिद्धलिंगय्या यांनी ‘ऊरु केरि’ हे आत्मकथन लिहिलं. त्यात बैलांच्या जागी जुंपलेली दोन माणसं नांगर ओढतात, आणि त्यांतला एक लेखकाचाच बाप असतो. बेंगळुरूच्याच पत्रकार डॉ. विजया यांनी लग्नातली मारझोड उघडपणे लिहिली. त्यांच्या ‘कुदि एसरु’ला 2019 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

विष्णुभटांना चिंतामणराव वैद्य भेटले नसते, तर झाशीच्या गल्ल्यांतलं ते वर्णन त्यांच्याबरोबरच गेलं असतं. तुमच्या ओळखीत असं काही भोगलेलं, पाहिलेलं माणूस असेल तर त्याला लिहायला बसवा. त्याला लिहिता येत नसेल, तर वही तुम्ही घ्या.