शून्य की गैरहजर?

परवा नातवाशेजारी बसून तो प्रोग्राम कसा लिहितो ते पाहत होतो. त्याने मुलांची नावे आणि त्यांचे गुण अशी यादी केली होती. तिला डिक्शनरी म्हणतात. नाव दिले की गुण मिळतात. मी मास्तरच! लगेच विचारले, "आणि नाव यादीत नसेल तर?"

"आजोबा, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे," तो म्हणाला. त्याच्याकडून ऐकून आणि थोडे वाचून जे कळले ते सांगतो.

१९६५ साली टोनी होर हे ब्रिटिश शास्त्रज्ञ अल्गोल डब्ल्यू या भाषेचे काम करत होते. 'इथे काही नाही' असे सांगणारी 'नल' ही खूण त्यांनी भाषेत घातली, कारण ती घालणे फार सोपे होते. पुढे अनेक भाषांनी ती उचलली. पण नल आहे का हे तपासायची सक्ती नव्हती. तपासायचे विसरले की चालता प्रोग्राम कोसळायचा. २००९ साली लंडनमधल्या भाषणात होर यांनी ही आपली अब्ज डॉलरची चूक असल्याचे कबूल केले. तेव्हा ते ७५ वर्षांचे होते. त्या वयात चूक कबूल करायला मोठे मन लागते.

जावा भाषेत १९९८ साली हॅशमॅप आला. त्यात नाव नसेल तरी उत्तर नल, आणि नाव असून पुढे नल ठेवला असेल तरी उत्तर नलच! एमएल आणि हॅस्केल या भाषांनी वेगळी वाट धरली होती. तिथे उत्तर जणू झाकणाच्या डबीतून येते. आत काही असेल किंवा नसेल. ॲपलच्या स्विफ्टने २०१४ साली हीच रीत घेतली. तिथे या डबीला ऑप्शनल म्हणतात. ती उघडून पाहिल्याशिवाय आतली किंमत वापरता येत नाही.

हे सगळे सांगून नातवाने पुढची ओळ लिहिली: नाव नसेल तर शून्य धर.

मी त्याचा हात धरला. एका वर्षी निकालपत्रक भरताना, तापामुळे पेपरला न आलेल्या मुलापुढे मी घाईत शून्य लिहिले होते. तो नापास ठरला. चूक नंतर सुधारली, पण निकालाच्या दिवशीचा त्याचा चेहरा अजून आठवतो.

डबी उघडायला भाषा लावेल. पण ती रिकामी निघाली तर काय लिहायचे, हे आपणच ठरवायचे असते. नातवाने शून्य खोडले आणि 'गैरहजर' लिहिले.