गोदाकाठची ख्रिस्ती पायी यात्रा

युरोपातील ख्रिस्ती तीर्थमार्गांत स्पेनच्या वायव्येकडील सांतियागो दे कोंपोस्तेला येथे जाणारा मार्ग विशेष प्रसिद्ध आहे. येशूचा शिष्य प्रेषित याकोब याची समाधी तेथे असल्याची श्रद्धा असल्याने मध्ययुगात या वाटेवर मठ, पूल आणि पांथस्थांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि बाराव्या शतकातील ‘कोदेक्स कालिक्स्तिनुस’ या हस्तलिखितात यात्रेकरूंसाठी मार्गवर्णनही लिहिले गेले. कालांतराने ओसरलेली ही यात्रा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा बहरली. १९८७ मध्ये युरोप परिषदेने तिला सांस्कृतिक मार्गाचा दर्जा दिला, १९९३ मध्ये तिचा स्पेनमधील भाग जागतिक वारसा यादीत आला, आणि शंभर किलोमीटर पायी किंवा दोनशे किलोमीटर सायकलने जाणाऱ्यास प्रमाणपत्र देण्याच्या प्रथेभोवती वाटाड्यासह सहली काढण्याचा व्यवसाय वाढला.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि त्याच्या शेजारचा गोदावरीकाठ येथील ख्रिस्ती पायी यात्रेचा इतिहास मात्र वेगळ्या वळणाने घडला आहे. या भागातील श्रद्धाळूंचे एक मोठे तीर्थ म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव होय. तेथील संत तेरेजा चर्चमध्ये मतमाउलीची, म्हणजे येशूची माता मरिया हिची, यात्रा भरते. मरियेचा जन्मदिन ८ सप्टेंबरला येतो. त्यापूर्वी नऊ दिवस चालणाऱ्या प्रार्थनांना नोव्हेना म्हणतात, आणि या सुमारास महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून भाविक वाहनांनी तसेच पायी दिंड्यांनी हरेगावला येतात.

हे तीर्थ येथेच का वाढले, याचे उत्तर पाणी, ऊस आणि मिशन यांच्या इतिहासात शोधावे लागते. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणामुळे प्रवरा नदीच्या कालव्यांखाली ऊस पसरला, हरेगावच्या खासगी साखर कारखान्याभोवती मजुरांची वस्ती वाढली, आणि तीत गोदाकाठच्या गावांतून ख्रिस्ती झालेली, बहुतांशी दलित समाजांतील, कुटुंबेही होती. अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये काम सुरू केले होते, तर संत फ्रान्सिस दि सेल्सच्या नावाने चालणाऱ्या कॅथलिक संघाचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात वैजापूर तालुक्यातील घोगरगाव येथे स्थिरावले. औरंगाबादचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला, आणि हरेगाव ज्यात येते तो नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये. परंतु नातेगोते, सोयरीक आणि यात्रा यांनी या धर्मप्रांतांच्या सीमेच्या दोन्ही बाजू आधीपासून जोडलेल्याच होत्या.

पायी येण्याची रीत या कुटुंबांना कोणत्याही मिशनने शिकवावी लागली नाही. नाथषष्ठीची यात्रा भरते ते पैठण आणि ज्ञानेश्वरीचे जन्मस्थान असलेले नेवासे ही याच टापूतील स्थळे आहेत, आणि गट करून चालणे, भजन म्हणत अंतर कापणे, गावकऱ्यांनी चहापाणी व मुक्काम देणे ही वारीची शिस्त या प्रदेशातील सर्व जातिधर्मांच्या लोकांच्या डोळ्यांसमोर पिढ्यान्‌पिढ्या होती. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ओवी-अभंगांच्या वळणाने ख्रिस्तभजने रचली. ते स्वतः प्रॉटेस्टंट होते आणि त्या पंथात मरियेच्या यात्रेला स्थान नव्हते, तरी मराठी ख्रिस्ती भक्तीला टाळ-मृदंगाचा सूर देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लॅटिनऐवजी लोकभाषांतील उपासनेला वाट मोकळी केल्यावर कॅथलिक यात्रेतही मराठी गायनाला मानाचे स्थान मिळाले.

म्हणून या दोन मार्गांची तुलना करताना त्यांना टिकवून धरणारी शक्ती कोणती, हे पाहणे आवश्यक ठरते. स्पेनमध्ये एलियास वालिन्या या धर्मगुरूने १९८४ पासून रंगवलेले पिवळे बाण यात्रेकरूला वाट दाखवतात. गोदाकाठी ते काम पुढे चालणारी जाणती माणसे आणि मुक्काम देणारी गावे करतात. पंढरपूरला अलीकडे सायकल वाऱ्याही निघतात, आणि ख्रिस्ती तीर्थांसाठी येथे उद्या मार्गदर्शित सहली सुरू झाल्या तर त्यांचे स्वागतच व्हावे. मात्र फलक आणि नकाशे यांच्याआधी मुक्कामांची नावे, म्हटली जाणारी भजने आणि आसरा देणाऱ्या घरांच्या आठवणी वृद्धांकडून लिहून घेतल्या पाहिजेत, कारण अल्पसंख्य आणि बहुतांशी श्रमिक अशा या समाजाच्या इतिहासाची साधने कागदापेक्षा माणसांच्या स्मरणातच अधिक आहेत.