९.८१ची कुळकथा

जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर असलेल्या येलदरी धरणाचा जिवंत साठा सुमारे ८१० दलघमी (दशलक्ष घनमीटर). टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, मोजला तर २८.६. आणि एका टीएमसीचे दलघमी होतात २८.३. हे दोन आकडे शेजारी दिसले की यात काहीतरी गूढ असावं असं वाटतं. काही नाही. ८१०चं वर्गमूळ तिथे पडतं, एवढंच. फूट जरा लांब असता तर हा मेळ मोडला असता.

धरणाच्या पायथ्याला २२.५ मेगावॉटचं वीजघर आहे. तिथला मेळ मात्र कुळाचा. पाण्याची ताकद काढायला सेकंदाचे घनमीटर, पडण्याची उंची आणि ९.८१ यांचा गुणाकार करतात. यंत्रातली घट सोडली तर किलोवॉट मिळतात. ९.८१ हे गुरुत्वत्वरण. आणि वर्तुळाच्या ३.१४१६चा वर्ग ९.८७. फरक एक टक्काही नाही.

वर्तुळ आणि पडतं पाणी यांची सोयरीक मीटरने जुळवली. एका झोक्याला बरोबर एक सेकंद घेणारा लंबक जेवढा लांब, तेवढंच लांबीचं माप धरावं, असं इटालियन शास्त्रज्ञ बुरात्तीनीने १६७५मध्ये सुचवलं होतं. तसं झालं असतं, तर लंबकाच्या सूत्रानुसार त्वरण त्या वर्गाइतकंच, तंतोतंत, आलं असतं. अडचण त्याआधीच दिसली होती. १६७२मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ रिशे विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तर पॅरिसचं घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटं मागे पडू लागलं. सेकंदाचा लंबक पॅरिसला ९९.४ सेंटिमीटर, येलदरीच्या अक्षांशावर ९९.१च्या आसपास. गावागणिक बदलणारं माप कोण घेणार?

तरीही १७९०मध्ये फ्रेंच राजकारणी तालेराँने लंबकच मांडला. १७९१मध्ये फ्रेंच अकादमीने तो सोडून ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचा एक कोटीवा भाग घेतला. दशलक्षांश घेतला असता तर दहा मीटरची काठी हाती आली असती. कोटीव्या भागाने लंबकाजवळची, वापरायला सोयीची लांबी दिली. माझ्या मते लंबक दारातून गेला आणि खिडकीतून परत आला.

भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६चा, म्हणजे येलदरीचं धरण पुरं होण्याआधीचा. विसर्गाची बातमी मात्र आजही क्युसेकमध्येच, म्हणजे सेकंदाच्या घनफुटांत, येते. फुटांच्या हिशेबात त्वरण ३२.२, ३.१४१६चा वर्ग तिथेही ९.८७च, कारण त्याला एककच नाही. आणि क्युसेक गुणिले फूट करून किलोवॉट काढायचे तर ११.८ने भागावं लागतं. या आकड्याला कुणी नातेवाईक सापडलेला नाही.