बोलक्या संगणकाची कुळकथा

मराठवाड्यातील वृद्धांच्या तोंडी 'कागद वाचून घेणे' हा प्रयोग अद्याप ऐकू येतो, आणि त्यामागे एका संपूर्ण पिढीची अगतिकता उभी आहे. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत आमचे वाशी गाव निजामाच्या मुलखात होते, राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे स्वतःच्या वावराचा धनी असलेला आणि तोंडी हिशेबात कोणालाही हार न जाणारा शेतकरीसुद्धा कचेरीतला हुकूम हाती पडताच मुन्शीच्या ओसरीची वाट धरी. डोळे शाबूत, बुद्धी शाबूत, परंतु मजकूर कळायचा तो दुसऱ्याच्या मुखातून, दुसऱ्याच्या सवडीने, आणि त्याने जेवढा वाचावयाचा ठरवला असेल तेवढाच. अंध मनुष्याचे बहुतेक वाचन असेच वाचून घेण्याचे राहिले आहे. म्हणूनच ज्या मुक्तस्रोत, म्हणजे मूळ मजकूर सर्वांना खुला असलेल्या, कार्यप्रणाल्यांवर आज तो स्वतः वाचतो, लिहितो आणि संगणकाची दुरुस्तीही करतो, त्यांच्या कंठात वाचा कोठून आली, हा वृत्तान्त मला एखाद्या राजघराण्याच्या वंशावळीपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

या वंशावळीतील एक प्रमुख पुरुष पुण्यात वाढला. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ चा; काचबिंदूने चौदाव्या वर्षी त्यांची उरलीसुरली दृष्टी हिरावून घेतली. पुढे नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी आणि मुंबईच्या आयआयटीतून पदव्युत्तर शिक्षण त्यांनी पुरे केले. प्रारंभीचे त्यांचे गणित भावाने आणि शिक्षकांनी मोठ्याने वाचून दाखवलेल्या पुस्तकांवर झाले. आता, कथा वाचून दाखवणे निराळे आणि समीकरण वाचून दाखवणे निराळे: 'क्ष अधिक एकचा वर्ग' असे कोणी उच्चारले, तर वर्ग एकट्या एकचा की संपूर्ण बेरजेचा, हे कागदावर क्षणार्धात दिसते, कानाला मात्र संदिग्धच राहते. या अडचणीवर त्यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात प्रबंध लिहिला आणि १९९४ मध्ये 'ॲस्टर' नावाची प्रणाली सिद्ध केली, जिच्यात घातांक येताच आवाजाची पट्टी चढते. म्हणजे जे कागदावर वर चढवून, बारीक टाइपात छापलेले असते, ते कानालाही वर चढल्यासारखेच भासते. ॲस्टर हे त्यांच्या मार्गदर्शक कुत्रीचे नाव.

त्याच्या पुढच्या वर्षी, १९९५ मध्ये, त्यांनी 'ईमॅकस्पीक' हे बोलके साधन प्रसिद्ध केले, आणि येथे थोडे थांबणे अवश्य आहे, कारण या कुळाचे खरे लक्षण याच ठिकाणी प्रकट होते. तोवरचे बहुतेक पडदावाचक, ज्यांना आज आपण स्क्रीन रीडर म्हणतो, पडद्यावर उमटलेली अक्षरे बाहेरून टिपून उच्चारीत असत. पडद्यावर १९४८ च्या सप्टेंबर महिन्याचे कॅलेंडर मांडलेले आहे आणि सतराव्या तारखेवर आपण उभे आहोत, अशी कल्पना करा. डोळस माणसाची नजर आपोआप वर जाते, रकान्याच्या माथ्यावरील वार टिपते, महिन्याचे नाव पाहते आणि परत येते. पडद्यावरील ओळ जशीच्या तशी वाचणारे यंत्र मात्र 'बारा तेरा चौदा पंधरा सोळा सतरा अठरा' एवढेच बोलून गप्प बसते. अक्षर न् अक्षर बरोबर, आणि अर्थ शून्य. ईमॅकस्पीकने पडद्याला विचारणेच सोडून दिले. कॅलेंडर मांडणाऱ्या आज्ञावलीला आपण कोणत्या दिवशी उभे आहोत हे आतून ठाऊक असतेच. तेव्हा तिलाच विचारून त्याने 'शुक्रवार, १७ सप्टेंबर १९४८' असे संपूर्ण, अर्थवाही वाक्य ऐकवले.

हे ज्या युक्तीने साधले, तिचे मूळ नाव आपल्या भाषेत आणले तर 'सल्ला' असे होईल. रिचर्ड स्टॉलमन यांच्या ईमॅक्स या संपादक-प्रणालीत अशी सोय आहे, की तिच्या कोणत्याही क्रियेचा मूळ मजकूर न बदलता तिच्या आधी, नंतर किंवा सभोवती आपली एखादी आज्ञा जोडता येते. रामन यांनी क्रियेमागून क्रियेला असा सल्ला जोडला: तू तुझे काम कर, आणि झाल्यावर काय झाले ते बोलून दाखव. यासाठी त्यांना कोणाकडे अर्ज करावा लागला नाही, कोणाची परवानगी मागावी लागली नाही, कारण आत जाण्याची मुभा प्रणालीबरोबरच मिळालेली होती. दाम मोजून घेतलेल्या बंदिस्त प्रणालीत वापरणारा कूळ असतो, धनी नव्हे. तो वहिवाट करू शकतो, विहीर खणू शकत नाही. ईमॅकस्पीक ही माझ्या मते खणलेली पहिली मोठी विहीर.

याच सुमारास या कुळाच्या इतर शाखाही फुटत होत्या. निखिल नायर यांनी आरंभलेल्या 'बीआरएलटीटीवाय'ने लिनक्स या मुक्तस्रोत कार्यप्रणालीचा मजकूर बोटांखालच्या ब्रेल पट्टीवर आणला. कर्क रायझर यांच्या 'स्पीकअप'ने लिनक्सच्या गाभ्यालाच वाचा दिली. बोटे थरथरणाऱ्यांना दोन-तीन कळा एकत्र धरण्याऐवजी एकामागून एक दाबण्याची सवलत मिळाली. मग लिनक्सवर चित्रखुणांनी भरलेला ग्नोम हा दर्शनी भाग आला आणि त्याच्यासाठी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये 'ओर्का' घडला, जो २००६ पासून ग्नोमचा अधिकृत पडदावाचक झाला. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलच्या स्वाधीन झाली आणि या कामावरील पगारी माणसे कमी झाली. तरीही ओर्का निपचित पडला नाही, कारण त्याचा मूळ मजकूर कोणाच्या तिजोरीत नव्हता, आणि जोनमेरी डिग्ज यांनी त्याची धुरा उचलली. हे काम इतक्या थोड्या खांद्यांवर उभे आहे, याची मला आजही काळजी वाटते.

राहिला आवाज. रामन यांनी वापरलेला 'डेकटॉक' हा डेनिस क्लॅट यांच्या संशोधनातून जन्मलेला आणि त्यांच्याच कंठावर बेतलेला होता. परंतु तो विकत घ्यावा लागे. सर्वांना मुक्त असा आवाज जोनाथन डडिंग्टन यांनी १९९५ मध्ये एकॉर्न संगणकासाठी आरंभिला आणि २००६ मध्ये तो 'ईस्पीक' या नावाने प्रसिद्ध झाला. कोणा माणसाचा आवाज ध्वनिमुद्रित करून हा बोलत नाही, गणिताने स्वर घडवतो. म्हणून त्याचा पसारा अवघ्या काही मेगाबाइटांचा, आणि म्हणूनच एकामागून एक भाषा त्याला शिकवता आल्या. त्यांत मराठीही आहे. मराठीच्या उच्चारांचे नियम एका साध्या फायलीत आणि अपवाद दुसऱ्या फायलीत लिहिलेले आहेत, जे कोणालाही उघडून वाचता येतात. आपली लिपी उच्चारानुसारी आहे असे आपण अभिमानाने सांगतो. तथापि 'सरकार' लिहितो आणि 'सर्कार' म्हणतो, 'सारे जग' यातला ज निराळा आणि 'शंभर वर्षे जग' या आशीर्वादातला निराळा, हे यंत्राला शिकवू लागल्यावरच ध्यानात येते.

वाशीत माझ्या परिचयाचा एक अंध पदवीधर आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. गेल्या पावसाळ्यात एका सायंकाळी तो माझ्याकडे आला, सुपर, ऑल्ट आणि एस या तीन कळा त्याने एकदम दाबल्या, आणि ओर्का ईस्पीकच्या आवाजात बोलू लागला. पत्र्याच्या डब्यातून यावा तसा तो आवाज मला रूक्ष वाटला, हे मी बोलूनही दाखवले. त्याने गती वाढवली, आणखी वाढवली, इतकी की मला तो केवळ पावसाच्या सरीसारखा ऐकू येऊ लागला. तो मात्र मान हलवीत सबंध प्रकरण ऐकत होता. "गोड आवाज इतका पळवला की फुटतो, सर," तो म्हणाला, "ह्यो फुटत न्हाई." नंतर तालुक्यातील गावांची यादी त्याने ऐकायला घेतली. एका नावाशी त्याचे बोट थबकले. तो शब्द त्याने पुन्हा ऐकला, आणखी एकदा ऐकला, अपवादांची फाइल उघडली, शेवटी एक ओळ जोडली आणि नियम नव्याने बांधून घेतले. मग यादी पुन्हा पहिल्यापासून लावली.