मुंगसाचा माग

इंग्रजीत 'मंगूस'चं अनेकवचन करताना चांगले लिहिणारेही घुटमळतात. हंसाला 'गूस' आणि हंसांना 'गीस', तर मग 'मंगीस' का नाही? कारण या शब्दाच्या मुळाला हंसाचा वाराही लागलेला नाही. तो आपला मुंगूस. इंग्रजी शब्दकोशांत त्याच्या व्युत्पत्तीपुढे 'मराठी' असं छापलेलं पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला फार आनंद झाला होता.

हिंदीतला नेवला संस्कृत 'नकुला'च्या घरचा. मुंगसाचं गोत दक्षिणेत आहे: कन्नडमध्ये मुंगिसी, तेलुगूत मुंगिस. युरोपकडे या कुळातल्या इजिप्तच्या प्राण्यासाठी जुना ग्रीक शब्द होता, 'इक्न्यूमन', म्हणजे माग काढणारा. तरीही बोलण्यात रुजला तो मराठी शब्द. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७०च्या दशकात सुरत-मुंबईकडे होता, जुन्नरलाही जाऊन आला. १६९८ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हा प्राणी याच नावाने येतो. शेवटचा 'गूस' मात्र इंग्रजी कानाने ओळखीच्या पक्ष्यावरून घडवला. फ्रेंचांनी त्याचं 'मांगूस्त' केलं.

मग नावामागून जनावरही निघालं. १८७२ साली जमैकातल्या एका ऊसमळेवाल्याने उंदीर मारायला कलकत्त्याहून नऊ मुंगसं नेली. त्यांची पिल्लावळ १८८३ साली हवाईला पोचली. उंदीर फिरतात रात्री, मुंगूस दिवसा. त्यामुळे उंदरांबरोबर जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची आणि कासवांची अंडीही त्यांनी फस्त केली. आपल्याकडे मुंगूस आडवं गेलं तर शुभ मानतात, पोरं त्याला शपथ घालून तोंड दाखवायला सांगतात. तिकडे त्याच्यासाठी सापळे लागले. यात मुंगसाचा काय दोष? त्याला कोणी विचारून नेलं नव्हतं.

१९१० साली जपानच्या ओकिनावात विषारी हाबू सापांवर उतारा म्हणून मुंगसं सोडली. तिथून जवळच्या आमामी बेटावरही ती १९७९मध्ये गेली आणि तिथल्या दुर्मीळ काळ्या सशांच्या मुळावर उठली. अनेक वर्षं सापळे लावून, माग काढणारी कुत्री फिरवून, २०२४ साली तिथलं मुंगूस संपल्याचं जपानने जाहीर केलं.

जपानी लोक त्याला म्हणतात 'मांगूसु'.